दोन हात लांब लाटणं: बोलोन्यातल्या पास्ता क्लासचं परीक्षण

उन्हाळ्यात चार-सहा आठवडे भाषा शिकायला किंवा समर स्कूलला इटलीतल्या बोलोन्यात आलं की पहिल्याच आठवड्यात एक जाहिरात समोर येते. तीन तास, दोन प्रकारचा पास्ता, तिरामिसू नावाचं गोड, वाइनचा ग्लास आणि शेवटी सगळ्यांनी मिळून जेवण. पैसे साधारण ७० ते १५० युरो. विद्यार्थ्याच्या महिन्याच्या हिशेबात ही रक्कम टोचतेच, म्हणून निकाल आधीच सांगून टाकतो: क्लास जरूर घ्यावा, पण ज्यात स्फोल्या हाताने लाटायला शिकवतात तोच. मशीनवर पास्ता काढणारा, बाजार फिरवून आणणारा, वाइनच्या जोरावर चालणारा क्लास आनंदाचा असेल, पण शिकण्याच्या दृष्टीने तो महाग पडतो.

स्फोल्या म्हणजे अंड्यात मळलेल्या पिठाची लाटलेली पातळ पोळी. बोलोन्याचं सगळं वैभव या पोळीवर उभं आहे. ती कापली की ताल्यातेल्ले, सारण भरून दुमडली की तोर्तेल्लोनी, त्याच जातीची पण बोटाच्या पेराएवढी केली की तोर्तेल्लीनी, थरांत रचली की लझान्या. लाटणाऱ्या बाईला स्फोलीना म्हणतात आणि शहरात तिला मान आहे. मोजमापाच्या बाबतीतही हे लोक कडक आहेत. शिजलेल्या ताल्यातेल्लेची रुंदी ८ मिलिमीटर, म्हणजे गावातल्या आसिनेल्ली बुरुजाच्या उंचीचा १२,२७० वा भाग, अशी नोंद १९७२ साली तिथल्या व्यापार मंडळात झाली आणि सोन्याचा नमुनाही तिथे ठेवला गेला. बुरूज सुमारे ९७ मीटर उंच आहे, तेव्हा भागाकार बरोबर येतो. कच्ची पट्टी ७ मिलिमीटरच्या आसपास कापायची, शिजल्यावर ती फुगते.

मराठी घरात वाढलेल्याला वाटतं, लाटणं आपल्याला काय नवीन? गोची इथेच होते. आपलं लाटणं हातभरसुद्धा नसतं, पोळपाट गोल असतो आणि कडेवर किंचित दाब दिला की पोळी आपोआप फिरते. तिथलं लाटणं, मात्तारेल्लो, ८० सेंटीमीटर ते एक मीटर लांब आणि मुठी नसलेलं, सरळ दांड्यासारखं. पाट म्हणजे ताल्येरे, जेवणाच्या टेबलावर मावेल न मावेल एवढी लाकडी फळी. फिरवायची वेळ आली की पोळी लाटण्यावर गुंडाळून उचलतात आणि वळवून पुन्हा उलगडतात. पोळीचा हात असलेल्यांची पहिल्या अर्ध्या तासातली नेहमीची चूक म्हणजे कडा दाबणे. मग कड कागदासारखी, मध्ये जाड गोळा आणि चिरा कडेपासून सुरू. पोळीची सवय कामाला येते ती मळताना. पीठ कधी झालं हे हाताला कळतं, आणि क्लासमधल्या बाकीच्यांपेक्षा तेवढ्यापुरते आपण पुढे असतो.

आता क्लासच्या वेळाचा हिशेब बघू. तीन तासांत ओळख आणि साहित्य यांत पंधरा मिनिटं जातात. मळायला वीस, पीठ मुरायला तीस (तेवढ्या वेळात सारण), लाटायला चाळीस, कापायला-भरायला तीस आणि जेवायला पंचेचाळीस मिनिटं. एवढ्यात तीन तास भरले. यात बाजाराची पाऊण तासाची फेरी घुसवली की ती कुठून तरी कापावी लागते आणि कात्री बहुतेक लाटण्यावर चालते. चार दिवसांच्या पाहुण्याला ही फेरी ठीक आहे. तुम्ही सहा आठवडे राहणार आहात. उगो बास्सी रस्त्यावरचा मेर्कातो देल्ले एर्बे किंवा प्यात्सा माज्जोरेलगतच्या क्वाद्रिलातेरोच्या गल्ल्या तुम्ही सकाळी वर्गाला जाता जाता फुकट बघाल, आणि दुकानदाराशी मोडकंतोडकं इटालियन बोलण्याचा सरावही होईल. पैसे मोजायचे ते फळीपुढे उभं राहायला मिळालेल्या मिनिटांचे.

म्हणून पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. लाटणार हाताने की मशीनवर? प्रत्येकाला स्वतःची फळी आणि स्वतःचं पीठ मिळणार, की दोघांत एक? एका शिकवणाऱ्यामागे किती माणसं? आमच्या मते सहा-आठ ठीक, बारा झाली की ती बाई नुसती फिरत राहते, तुमच्या हातावर हात ठेवून दाब दाखवायला तिला फुरसत नसते, आणि शिकायचं असतं ते नेमकं तेवढंच. चौथी गोष्ट, बाजाराची फेरी तीन तासांत धरलेली आहे की वेगळी? उत्तर गोलगोल आलं तर पुढचा क्लास शोधा. मोठ्या बुकिंग साइटवर दिसणारा क्लास त्याच जागेशी थेट बोलून कित्येकदा स्वस्तात मिळतो. विद्यार्थी आहोत हे सांगायला लाजू नये. १०८८ पासून विद्यापीठाचं म्हणवणारं गाव आहे, विद्यार्थी त्यांना नवे नाहीत.

मशीनबद्दल एक शब्द, कारण यावर भांडणं होतात. मशीन वाईट नाही. घरी रोज पास्ता करायचा तर तेच सोयीचं. पण मशीन चालवायला अर्धा तास आणि डब्यातला कागद पुरतो, त्यासाठी शंभर युरो कशाला? शिवाय पोलादी रुळांतून निघालेली पट्टी गुळगुळीत असते. लाकडी फळीवर लाकडी लाटण्याने ताणलेली पोळी किंचित खरबरीत होते आणि रस्सा तिला धरून राहतो. उजेडासमोर धरली तर लाकडाच्या रेषा पुसट उमटलेल्या दिसतात. संगमरवरावर किंवा स्टीलच्या ओट्यावर लाटायला देणाऱ्या जागी हा फरक हाताला कळणारच नाही.

क्लास चांगला की नाही हे पहिल्या दहा मिनिटांत पिठावरून ओळखता येतं. नियम सोपा आहे: एका अंड्याला १०० ग्रॅम ००-नंबरचं पीठ, आणि माणशी तेवढंच प्रमाण. पाणी नाही, तेल नाही, मीठही नाही. मीठ उकळत्या पाण्यात पडतं. चांगली शिकवणारी इथेच थांबून सांगते की अंडं म्हणजे कुठलं अंडं. युरोपात ५३ ते ६३ ग्रॅमचं अंडं 'एम' मापाचं, ६३ ते ७३ चं 'एल'. कवच काढल्यावर आत ५५ ग्रॅमच्या आसपास भरलं तर शंभर ग्रॅमचं गणित जमतं. 'एल' अंडं फोडलं तर पीठ चिकटतं आणि मग पिठी टाकत बसावं लागतं. दुकानात 'पास्ता ज्याल्ला' लिहिलेली अंडी मिळतात, त्यांचा बलक गर्द केशरी असतो आणि पोळीला तोच रंग चढतो. कवचावरच्या शिक्क्यातला पहिला आकडा कोंबडी कशी पाळली ते सांगतो: ० सेंद्रिय, १ मोकळी, २ बंद शेडमधली पण पिंजऱ्याबाहेरची, ३ पिंजऱ्यातली.

०० म्हणजे पीठ किती बारीक दळलं त्याचा आकडा, असा सर्रास समज आहे आणि काही क्लासमध्येही तसंच सांगतात. इटलीच्या कायद्यात तो आकडा राखेचा आहे, म्हणजे पीठ जाळल्यावर उरणाऱ्या खनिजांचा. ०० साठी ही राख कोरड्या वजनाच्या ०.५५ टक्क्याच्या वर जाता कामा नये. सोप्या भाषेत, कोंडा जवळजवळ नाही. आपल्या मैद्याच्या ते जवळचं आहे.

मळायची पद्धत बघायला सोपी दिसते. फळीवर पिठाचं आळं करायचं, मध्ये अंडी फोडायची, काट्याने आतल्या आत फेटत भिंतीचं पीठ थोडं थोडं आत ओढायचं. दहा जणांत दोघांचं आळं फुटतं आणि अंडं फळीच्या कडेकडे धावतं. कारण एकच, भिंत पातळ आणि आळं अरुंद. भिंत दोन बोटं जाड ठेवावी, आळं तळव्याएवढं रुंद करावं आणि मिश्रण दह्यासारखं घट्ट होईपर्यंत भिंतीला हात लावू नये. फुटलंच तर हाताने अडवत बसण्यापेक्षा पत्र्याच्या खरवडणीने पीठ बाहेरून आत लोटावं. गोळा जमल्यावर फळीवर उरलेल्या सुक्या खपल्या आत कोंबायचा मोह होतो. कोंबू नका. त्या शेवटपर्यंत विरघळत नाहीत आणि लाटताना बरोबर त्याच जागी भोक पडतं. फळी खरवडून त्या टाकून द्या, हात धुऊन पुन्हा मळायला लागा.

मळणं दहा ते पंधरा मिनिटं. तळव्याच्या मनगटाकडच्या भागाने पुढे ढकला, दुमडा, वळवा. आपली कणीक जिथे मऊ करून थांबतो त्याच्या बरंच पुढे जायचं असतं. हे पीठ पुरीच्या पिठापेक्षाही घट्ट आणि शेवटी कानाच्या पाळीसारखं गुळगुळीत. बोटाने खळगा पाडला तर हळूहळू भरून यावा. घट्ट वाटलं तर वरून पाणी ओतू नये, तळवे ओले करून मळावं. चिकटलं तर पीठ चमच्याने, मुठीने नाही. मग झाकून किमान अर्धा तास, फ्रिजबाहेर. प्लास्टिकमध्ये गुंडाळून नाहीतर वाडगा पालथा घालून, ओल्या फडक्याखाली नको, वरचा थर चिकट होतो. ज्या क्लासमध्ये पीठ दहा मिनिटांत लाटायला घेतात तिथे सगळ्यांची पोळी रबरासारखी आखडते. मग शिकवणारी म्हणते, 'जोर लावा.' जोराने काही होत नाही, मुरलेलं नसतं एवढंच. काही ठिकाणी यावर तोड म्हणून तिचं सकाळी मळलेलं पीठ तुम्हाला देतात आणि तुमचं बाजूला ठेवतात. लाटणं नीट होतं हे खरं, पण तुमचं मळणं बरोबर होतं की चूक ते कधीच कळत नाही.

आता लाटणं, ज्यासाठी आलो ते. दोन अंड्यांचा गोळा घ्या, साधारण ३१० ग्रॅम. मधून वर ढकलायचा, पाव फेरा फिरवायचा, पुन्हा वर. ताटाएवढा होईपर्यंत आपली पद्धत आणि त्यांची पद्धत बहिणी-बहिणी आहेत. त्यापुढे वाट बदलते. पोळीची लांबची कड लाटण्यावर घेऊन आपल्याकडे दोन-तीन वेढे गुंडाळायची. मग लाटणं पुढे-मागे फिरवत दोन्ही तळवे मध्यापासून टोकांकडे सरकवत न्यायचे. दाब खाली फार कमी, बाहेरच्या बाजूला जास्त. पोळी दबण्यापेक्षा ताणली जाते, गुपित असलंच तर हे. तळवे टोकाला पोचले की लाटणं उचलून पोळी तिरकी उलगडायची आणि दुसऱ्या बाजूने तेच. सगळ्या दिशांनी ताण बसला तर गोल राहते, एकाच दिशेने गेलात तर नकाशा होतो.

फळीच्या तुमच्याकडच्या कडेवरून पोळीचा वीतभर भाग खाली लोंबू द्यायचा असतो. नवख्यांना हे चुकीचं वाटतं आणि ते पोळी वर ओढत बसतात. लोंबणाऱ्या भागाच्या वजनाने बाकीची पोळी जागेवर राहते आणि ताण मिळतो. मात्र पोट फळीला टेकवू नका. पट्ट्याच्या बकलाने पडलेली चीर फार नेमकी असते. अंगठ्या, घड्याळ, कडं घरीच ठेवून जावं.

पिठी भुरभुरायची सवय इथे आवरावी लागते. पोळी लाटताना आपण सढळ हाताने पिठीत घोळतो. इथे जास्त पिठीने पोळी फळीवरून घसरते, ताण बसत नाही आणि सुकून कडा फाटतात. चिमूटभर पुरे. किती पातळ? फळीवरच्या लाकडाच्या रेषा आरपार दिसू लागल्या की झालं. आकड्यात ०.८ मिलिमीटरच्या आसपास, आणि त्या जाडीला दोन अंड्यांची पोळी ६० सेंटीमीटरच्या वर व्यासाची होते. पहिल्या दिवशी एवढी कुणाचीच होत नाही. ५० झाली आणि भोकं तीनपेक्षा कमी असली तर समाधान मानावं. भोक बुजवायला कडेचा तुकडा फाडून, किंचित ओला करून वर चिकटवतात आणि लाटणं फिरवतात. तोर्तेल्लोनीला ते ठिगळ उघडं पडतं, ताल्यातेल्लेत लपून जातं.

कापण्याआधी सुकवणं आलं आणि उन्हाळ्यातल्या क्लासचा खरा घोळ इथे होतो. ताल्यातेल्लेसाठी पोळी थोडी सुकलेली हवी, नाहीतर घडी घालून कापलेल्या पट्ट्या एकमेकींना चिकटून त्यांचा गोळा होतो. तोर्तेल्लोनीसाठी अजिबात सुकलेली नको, नाहीतर दुमडताना कोपरे तडकतात. म्हणजे एकाच पिठाला दोन उलट वागणुका. जुलैत बोलोन्याचा पारा तिशीच्या पुढे असतो. दमटपणात खिडकी उघडून ठेवलेल्या खोलीत सुकायला पंधरा मिनिटं लागतील, तर एसीच्या झोतासमोर पाच मिनिटांत कड कडक. घड्याळ उपयोगाचं नाही. पोळीला हाताची पाठ लावून बघा. थंड ओलसर लागली तर थांबा, मऊ चामड्यासारखी कोरडी लागली आणि दुमडल्यावर मोडली नाही तर कापा. दोन्ही प्रकार एकाच दिवशी शिकवणाऱ्यांनी सारणाचा पास्ता आधी घ्यायला हवा आणि उरलेली पोळी प्लास्टिकखाली झाकायला हवी. उलट क्रम दिसला तर तुमची पोळी तुम्हीच झाकून ठेवा, विचारत बसू नका.

कापताना पोळी सैल गुंडाळतात किंवा दोन्हीकडून मध्याकडे दुमडतात आणि रुंद पात्याची सुरी सरळ खाली दाबत जातात. करवतीसारखी पुढे-मागे ओढली की कडा चिकटतात. कापून झालं की लगेच हलवून मोकळ्या करायच्या. वेड्यावाकड्या कापलेल्या कडांना माल्ताल्याती म्हणतात, शब्दशः 'वाईट कापलेले', आणि त्या डाळी-कडधान्याच्या सूपमध्ये जातात. पहिल्या दिवशी आपलं बरंचसं उत्पादन याच सदरात मोडतं.

तोर्तेल्लोनीला चौकोन सात-आठ सेंटीमीटरचे. सारण रिकोत्ता (पनीरसारखं मऊ चीज), पार्मिजानो (कडक चीज), अंडं, पार्सली आणि जायफळाचं. ५०० ग्रॅम रिकोत्त्याला १५० ग्रॅम किसलेलं पार्मिजानो हे सर्वसाधारण प्रमाण. रिकोत्ता रात्रभर जाळीवर निथळलेला असावा. डब्यातून थेट भांड्यात पडताना दिसला तर समजा की पास्ता पाण्यात फुटणार. लिंबाएवढं सारण मोदकाला चालतं, इथे अक्रोडाएवढं फार झालं. त्रिकोणी दुमडा, आतली हवा सारणाकडून बाहेर दाबत काढा, मग कडा मिटा, शेवटी दोन टोकं बोटाभोवती वळवून चिकटवा. करंजी केलेल्या माणसाला हे दोन मिनिटांत जमतं. फुटण्याची कारणंही करंजीचीच आहेत: हवा राहिली, कडेला सारण लागलं किंवा पारी सुकली. कातणंही तेच, दातेरी चाकाचं. फक्त करंजी तेलात जाते आणि हे पाण्यात, म्हणून पाणी रटरटू न देता मंद उकळीत तीन-चार मिनिटं.

उकळायचं पाणी १०० ग्रॅम पास्त्याला एक लिटर आणि लिटरला १० ग्रॅम मीठ. ताज्या ताल्यातेल्लेला दोन-तीन मिनिटं पुरतात. पाकिटावरच्या आठ-दहा मिनिटांची सवय झालेले लोक इथे हमखास लापशी करतात.

रागूबद्दल थोडक्यात, कारण तीन तासांच्या क्लासमध्ये तो शिकवलाच जात नाही. मांसाचा हा रस्सा मंद आचेवर दोन तास तरी लागतोच, तीन झाले तर उत्तम. तेव्हा तुमच्या ताटात येणारा आधी करून ठेवलेला असतो आणि त्यात गैर काही नाही. 'रागू शिका' असं लिहून चिरलेल्या गाजर-कांदा-सेलरीची कढई पाच मिनिटं दाखवणं मात्र गैर आहे. बोलोन्याची नोंदलेली कृती १९८२ ची, ती २०२३ मध्ये सुधारून पुन्हा नोंदली गेली. नव्या कृतीत जाडसर खिमा केलेलं ४०० ग्रॅम गोमांस, १५० ग्रॅम पान्चेत्ता (डुकराच्या पोटाचं मांस), २०० ग्रॅम टोमॅटोचा गर आणि एक पेला वाइन आहे. दूध ऐच्छिक. मराठी वाचकाला यातल्या कुठल्या ना कुठल्या घटकाची अडचण असू शकते. त्यांनी लोणी आणि सेज पानांचा रस्सा मागावा, 'बुर्रो ए साल्विया'. बुर्रो म्हणजे लोणी. तोर्तेल्लोनीची पारंपरिक जोडी तीच आहे, ती शाकाहाऱ्यांसाठी केलेली तडजोड नव्हे.

तिरामिसूवर अर्धा तास घालवणारा क्लास पाहुण्यांकडे बघून रचलेला असतो. तो पदार्थ या गावचा नव्हेच, ईशान्य इटलीचा. शिवाय पारंपरिक रीतीत अंडी कच्ची. जुलैच्या उकाड्यात जंतू मरावेत म्हणून बलकावर १२१ अंशांचा साखरेचा पाक ओतून फेटतात का, ते बघावं. बोलोन्याचं स्वतःचं गोड हवं तर तोर्ता दी रीसो आहे: दुधात साखरेबरोबर शिजवलेला भात, बदाम, अंडी, वरून भाजून शंकरपाळ्यांसारखे तुकडे. आटवलेल्या तांदळाच्या खिरीची वडी म्हणा. हे शिकवणारी जागा मिळाली तर दोन गुण जास्त.

आता शाकाहाराचा प्रश्न, आणि यात लोक फसतात. युरोपात १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणं बंधनकारक आहे, त्यामुळे क्लासचा फॉर्म तुम्हाला ग्लूटेन, अंडी, दूध, शेंगदाणे विचारतो. मांसाचं नाव त्या यादीत नाही. शाकाहारी आहोत हे वेगळं लिहावं लागतं, आणि नुसतं 'वेजेतारियानो' पुरत नाही. 'नॉन मांज्यो कार्ने, ने पोल्लो, ने पेश्शे' असं मांस, कोंबडी, मासे तिन्ही सुटे सांगावेत. त्याखेरीज तीन गोष्टींची चौकशी करावी. ब्रोदो, म्हणजे मांसाचं पाणी किंवा त्याची वडी, रश्शात पडते का? स्त्रुत्तो, म्हणजे डुकराची चरबी, सोबत दिलेल्या भाकरीवजा तिजेल्लेत असू शकते. तिसरी गोष्ट चीज. पार्मिजानो रेज्जानोच्या नियमावलीत वासराच्या जठरातलं विरजणच वापरायचं बंधन आहे, म्हणून शाकाहारी पार्मिजानो ही गोष्टच अस्तित्वात नाही. ज्यांना हे चालत नाही त्यांनी 'काल्यो वेजेताले' (वनस्पतीचं विरजण) लिहिलेलं दुसरं कडक चीज स्वतः विकत घेऊन जावं आणि आदल्या दिवशी कळवावं. चांगल्या जागी कुणी नाक मुरडत नाही.

अंडंच चालत नसेल तर बोलोन्याचा स्फोल्या क्लास तुमच्यासाठी नाही, हे स्पष्ट लिहिलेलं बरं. इथलं पीठ अंड्याशिवाय होत नाही आणि 'तुमच्यासाठी पाण्यात मळून देऊ' म्हणणारे तुम्हाला वेगळंच काही शिकवतील. त्यापेक्षा दक्षिणेकडच्या पूल्याची ओरेक्क्येत्ते शिकवणारा क्लास शोधा. ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी, एवढंच. अंगठ्याने फळीवर ओढून कानासारखा खळगा पाडतात. हातावरच्या शेवया, गव्हले केलेल्या घरातल्या मुलांना ही चाल ओळखीची वाटेल.

क्लास कधी घ्यावा? बहुतेक विद्यार्थी शेवटच्या आठवड्यात, निरोपाचा कार्यक्रम म्हणून घेतात. सगळ्यात वाईट वेळ ती. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात घ्या, म्हणजे उरलेले चार आठवडे हात बसवायला मिळतात. किलोभर पीठ आणि सहा अंडी दोन सरावांना पुरतात आणि खर्च एका कॉफी-सँडविचच्या आसपास. एकाच दिवशी पाच आकार दाखवणाऱ्या महागड्या क्लासपेक्षा दोन छोटे बरे, आधी ताल्यातेल्ले आणि पंधरवड्याने तोर्तेल्लोनी. ऑगस्टमध्ये असाल तर आधीच बघून ठेवा. १५ ऑगस्टच्या फेर्रागोस्तो या सणाच्या आगेमागे घरगुती क्लास आणि छोटी दुकानं बंद असतात, उघडे राहतात ते बहुतेक पाहुण्यांवर चालणारे. वेळ सकाळची निवडा. संध्याकाळी पाचला शेगड्या पेटलेल्या खोलीत पीठ आणि माणूस दोन्ही घामेजतात.

खोलीवर सराव करताना मोठी फळी नसते. जेवणाचं लाकडी टेबल चालतं, काचेचं किंवा लॅमिनेटचं घसरतं. लॅमिनेटवर सुती चादर घट्ट ताणून बसवली तर काम भागतं. वाइनची बाटली लाटणं म्हणून वापरा असा सल्ला सगळीकडे मिळतो. एका अंड्यापर्यंत ठीक आहे, त्यापुढे बाटलीच्या खांद्याचा व्रण पोळीवर पडतो. लाकडी सामानाच्या दुकानात मात्तारेल्लो घेताना मोह एक मीटरचा होतो. मोठी बॅगसुद्धा ७५ सेंटीमीटरच्या आसपासच असते. तेव्हा ६० चा घ्या आणि चेक-इन सामानात टाका, दांडा म्हणून केबिनमध्ये अडवला जाऊ शकतो. विकत घेताना सपाट टेबलावर घरंगळवून बघा. डुगडुगला तर बाक आहे. घरी धुवायचा नाही, कोरड्या फडक्याने पुसायचा.

परत आल्यावर पुण्या-मुंबईत प्रमाण जसंच्या तसं लागू होत नाही. आपल्याकडची अंडी लहान, कवचासकट ५० ग्रॅमच्या आसपास, तेव्हा मोजून घ्या: १०० ग्रॅम मैद्याला कवच काढलेलं ५५ ते ५७ ग्रॅम अंडं. कमी पडलं तर दुसऱ्या अंड्याचा बलक घाला. नुसत्या मैद्याची पोळी मऊ पडते आणि शिजल्यावर लिबलिबते. त्यात तीस टक्के बन्सी रवा मिक्सरवर पिठासारखा बारीक करून मिसळा. बन्सी हा ड्युरम जातीचा गहू, म्हणून चावायला पास्त्याचा ताठपणा येतो. साधा बारीक रवा घेतलात तर कचकच तेवढी मिळेल. अशा पिठाला मुरायला अर्ध्याऐवजी एक तास द्या. पावसाळ्यात पोळी सुकतच नाही. पंखा थेट तिच्यावर न सोडता भिंतीकडे वळवून ठेवा आणि दर पाच मिनिटांनी ती उलटा. पट्ट्या कापल्यावर त्यांच्यावर मैदा भुरभुरण्यापेक्षा रवा टाका. मैदा पाण्यात उतरून पेज करतो, रवा खाली बसतो.